चार नंबरच्या चौकोनातले सांडगे

रंगूबाईला आयुष्यात कुणी लेखी असं काही धाडलं नव्हतं. लग्न ठरल्याचा निरोप तोंडीच आला होता, आणि मालक गेल्याचाही. त्यामुळे सत्तरीला टेकल्यावर कळंबोलीत आपल्या नावानं नोटीस निघाली, तीही चुकीच्या जागी गाडी लावल्याबद्दल, याचं तिला वाईट वाटण्याआधी जरा अप्रूपच वाटलं. गाडी म्हणजे काय, तर मालकाचं जुनं धोतर आणि त्यावर वाळत घातलेले मुगाच्या डाळीचे सांडगे.

झालं असं, की वैशाखात तिच्या नातीचं, सुनयनाचं लग्न धरलं होतं. लग्नघरी पाच सवाष्णींनी मुहूर्ताचे सांडगे घातले की मग पुढचे पापड, कुरडया, सगळ्याला हात लागतो. रंगूबाई पडली विधवा. हळदीला ती मागं, ओटीला मागं, अक्षतांच्या वेळी तर खांबाआड. तिच्या वाट्याला त्या लग्नात एकच गोष्ट होती, पंगतीचं वाळवण. गहू निवडून भिजत घालायचे, चीक काढायचा, कुरडया घालायच्या आणि राखत बसायचं. तेवढं तिचं. ते नीट झालं तर नातीच्या लग्नात आजी होती असं म्हणायचं, नाहीतर खांब तर तिथं आहेच.

पण वाळवणाला ऊन लागतं, आणि नव्या गावात सगळं मिळत होतं, ऊन सोडून. तिचा थोरला मुलगा पोपट, सुनयनाचा बाप, लोखंड बाजारात ट्रक तोलायच्या काट्यावर कामाला. त्याच्या दोन खोल्यांना गॅलरी होती, तिला लोखंडी जाळी होती आणि जाळीतून विताएवढं ऊन यायचं, तेही भिंतीवरून चढून निघून जायचं. गच्चीला कुलूप, कारण वर केबलवाल्याची छत्री आणि पाण्याची टाकी. फाटकाबाहेर रस्त्यावर दिवसभर सळयांचे ट्रक, तिथं पांढरं काही पसरलं तर तासाभरात काळ्या तिळासारखा बुरा बसायचा. राहिलं ते सोसायटीचं आवार. आणि आवारात जयप्रकाशरावांनी चौकोन आखून ठेवलेले.

जयप्रकाशराव सोसायटीचे सेक्रेटरी. मुंबईत एका कचेरीत हेडक्लार्क होते, आणि घरी येताना कचेरीही बरोबर घेऊन यायचे. त्या साली त्यांनी जुनी फियाट घेतली. गाडी आली तशी त्यांना पार्किंगची शिस्त आठवली. इमारतीत फियाट एक आणि स्कुटरी चार, पण चौकोन आखले आठ, पिवळ्याधमक रंगात, नंबर घालून. झाडाखालचा एक नंबर फियाटला. बाकीच्यांत दिवसभर ऊन उभं राहायचं, आणि त्याला कुणी पावती फाडत नव्हतं. पावतीपुस्तक मात्र छापून झालं होतं. विनापरवाना वाहन लावल्यास रोजचा आकार, न हटवल्यास वाहन उचलून नेण्यात येईल, वगैरे.

रंगूबाईनं चार नंबर बघितला. झाडाची सावली पडत नाही, कुत्रं बसत नाही. तिनं धोतर अंथरलं, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि सवाष्णी बोलावल्या. सून एक, तळमजल्याची सुंदराबाई दुसरी, अशा चौघी जमल्या. पाचवी काही मिळेना. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या चारुलताबाई, म्हणजे सेक्रेटरींच्या मिसेस, भाजी घेऊन आत आल्या. सुनयनानं त्यांना आग्रह केला. त्या आधी म्हणाल्या, मला यातलं काही येत नाही. मग पिशवी ठेवून बसल्या, आणि बसल्या त्या दुपार कलेपर्यंत उठल्या नाहीत. पहिला सांडगा त्यांच्याच हातून पडला, नाक असलेला, गणपतीसारखा. रंगूबाई लांब जिन्याच्या पायरीवर बसून म्हणाली, बोटं चांगली आहेत बाईंची, उगाच फाइलीत घातल्यासारखी झाकून ठेवलीत.

दुसऱ्या दिवशी वॉचमन ज्योतिबा नोटीस घेऊन आला. त्याची वेगळीच अडचण होती. नोटीस गाडीच्या काचेला चिकटवायची असा नियम. त्यानं धोतराला एक प्रदक्षिणा घातली.

"आजी, सायबांनी सांगितलं चिकटव, मी चिकटवतो," तो म्हणाला. "पन चिकटवू कुठं?"

"दगडाखाली ठेव बाबा," रंगूबाई म्हणाली. "सांडग्यावर नको, वल्ले हायत."

संध्याकाळी सुनयनानं ती वाचून दाखवली. वाहनाचा प्रकार: धोतर. रंग: पांढरा. नोंदणी क्रमांक: आढळला नाही. उद्या सकाळपर्यंत जागा मोकळी करावी. पोपटच्या तोंडचं पाणी पळालं. तो म्हणाला, आई, गुंडाळ ते, आकार भरून टाकू, माझी त्या माणसाशी रोज गाठ पडते. त्याला माणसांची भीती नव्हती, काट्यावर तो ट्रकवाल्यांना पुरून उरायचा. पण कागदावर शिक्का दिसला की त्याचे पाय गार व्हायचे. सून म्हणाली, पंख्याखाली वाळवू. रंगूबाईनं तिच्याकडे अशी नजर टाकली की पंख्याचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही. पंख्याखालचे सांडगे कुबट येतात, आणि वऱ्हाडाला नाक असतं.

गहू तर भिजत पडलेच होते. आज सांडगे उचलले म्हणजे परवा कुरडयांनाही जागा नाही, हे तिला कळत होतं. सुनयना मात्र अजून वाचतच होती, खालची बारीक अक्षरं. हरकत असल्यास सात दिवसांत लेखी अपील करावे. अपील निकाली निघेपर्यंत सदर जागेची स्थिती जैसे थे ठेवण्यात येईल. हे जयप्रकाशरावांनी कचेरीच्या नियमांतून जसंच्या तसं उतरवलं होतं, शोभेसाठी.

"म्हंजी अर्ज केला की निकालापातूर कुणी हालवायचं न्हाई?" रंगूबाईनं विचारलं.

"असंच लिहिलंय, आजी."

"आन निकाल कवा देत्यात?"

यावर पोपटला त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं. गळक्या टाकीचा अर्ज त्यानं ह्याच कमिटीला दिला होता. त्याला दोन पावसाळे होऊन गेले होते, आणि टाकी अजून गळत होती.

झालं, अर्ज गेला. खाली रंगूबाईचा अंगठा. सकाळी जयप्रकाशराव धोतर उचलायला ज्योतिबाला घेऊन खाली आले, तर ज्योतिबानं त्यांच्याच हातात अर्ज ठेवला. ते तिथंच उभे राहून वाचत राहिले. नियम आपलाच असल्यामुळे त्यांना तो मोडता येईना. उन्हाला मात्र कुणी नोटीस दिलेली नव्हती. ते आपलं काम करत होतं.

रविवारी सुनावणी ठेवली, सेक्रेटरींच्याच घरात. अध्यक्ष आप्पा सोफ्यावर. आप्पांना ऐकू कमी यायचं, म्हणून त्यांना अध्यक्ष केलं होतं. जयप्रकाशराव पेन काढून बसले. रंगूबाईला खुर्ची दिली, ती खाली बसली.

त्यांनी विचारलं, वाहन कुणाचं? ती म्हणाली, धोतर माझ्या मालकाचं. त्यांनी विचारलं, आणि वरचा माल?

"त्याला मला हात लावायची चाल न्हाई, सायेब. मी इधवा बाई. मुहूर्ताचे सांडगे पाच सवाष्णींनी घातले, उचलायचे बी त्यांनीच. मी निस्ती राखणीला."

जन्मभर ज्या चालीनं तिला दाराबाहेर बसवलं होतं, ती चाल आज पहिल्यांदाच तिच्या कामाला आली होती. तिला मनातून थोडी गंमत वाटली, आणि ती तिनं पदराआड ठेवली.

जयप्रकाशरावांना मुद्दा पटला. कचेरीतल्या माणसाला चुकीच्या नावावर निघालेल्या कागदाइतकं दुःख कशाचं नसतं. ते म्हणाले, मग नोटीस त्या पाच जणींच्या नावे निघाली पाहिजे, नावं सांगा. तिनं सुनेचं सांगितलं, सुंदराबाईचं सांगितलं, आणखी दोघींची सांगितली. मग थांबली.

"पाचवं?"

"पाचवं तुमीच लिवा, सायेब. मी कशाला घिऊ?"

त्यांना कळेना. स्वयंपाकघराच्या दारात चारुलताबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या.

"लिहा," त्या म्हणाल्या. "चारुलता जयप्रकाश. पहिला सांडगा मीच घातलाय. आणि नोटीस हातात नका देऊ, ज्योतिबाकडून पाठवा. नियम आहे ना."

त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला तशा कपबशा खणखणल्या. आप्पांना तेवढंच ऐकू आलं असावं. त्यांनी चहा घेतला आणि विचारलं, काय ठरलं? मग जयप्रकाशरावांच्या कागदावरची नावं मोजून ते स्वतःच म्हणाले, पाच जणी असतील तर पाच नोटिसा काढा, प्रत्येकीला सात दिवस, प्रत्येकीचं अपील वेगळं ऐकू. असा निवाडा त्या सोसायटीत पूर्वी झाला नव्हता, कारण आप्पा पूर्वी कधी जागे नव्हते.

मग काय. नोटिसा निघाल्या, चार खाली गेल्या, पाचवी ज्योतिबानं सेक्रेटरींचीच बेल वाजवून दिली. पाची अपिलं आली. चार नंबरचा चौकोन जैसे थे राहिला. धोतर तेच, दगड तेच. वरचे सांडगे खुळखुळ वाजायला लागले तसे सवाष्णींनी उचलले, त्या जागी पापड आले, पापडांच्या जागी कुरडया. स्थितीत काही बदल आहे का, हे बघायला जयप्रकाशराव रोज संध्याकाळी एकदा यायचे. त्यांना रोज पांढरं धोतरच दिसायचं. एकदा त्यांनी कुरडईचा तुकडा उचलून तोंडात टाकला. तपासणीसाठीच असणार.

लग्न पनवेलच्या हॉलमध्ये झालं. अक्षतांच्या वेळी रंगूबाई खांबाआडच होती, ते काही कुणाच्या अपिलात नव्हतं. पण पंगत बसली, तळलेल्या कुरडया ताटात फुलून आल्या, आणि मुलाकडच्या म्हाताऱ्या व्याह्यांनी विचारलं, ह्या कुणाच्या हातच्या? तेव्हा सुनयना हळदीच्या अंगानं उठली, खांबापर्यंत गेली आणि आजीला दंडाला धरून सगळ्यांसमोर घेऊन आली.

निकाल त्यानंतर लागला. सदर जागेवर वाहन आढळून न आल्याने प्रकरण बंद करण्यात येत आहे.

निकालाचा कागद सुनेनं डब्याखाली घातला त्याच दिवशी दुपारी चारुलताबाई खाली आल्या. हातात पातेलं, त्यात बटाट्याचा कीस, बगलेत जयप्रकाशरावांची जुनी लुंगी. म्हणाल्या, आजी, चार नंबरमध्ये घालते, आधी जरा अपील लिहून घ्यायचं होतं.

रंगूबाईनं कीस चिमटीत धरून बघितला. पाणी नीट निथळलं होतं.

"अपील मागनं, बाई," ती म्हणाली. "आदी लुंगी हातरा. नोटीस तर लागू द्या."