संपतचं ‘सब ठीक’

“लेट जाव! सगळे लेट जाव! डोकं खाली!”

शिरूरच्या एसटी स्टँडवर भर सकाळी संपत ओरडत होता. झालं होतं एवढंच, की फलाटाला लागताना एका गाडीचं टायर फुटलं. आवाज असा, की नगरच्या किल्ल्यावरची कबुतरं उडाली असतील आणि घोड नदी दोन मिनिटं उलटी वाहिली असेल. संपतनं एका म्हातारीला भाजीच्या पाटीसकट खाली घेतलं आणि तिच्यावर स्वतः आडवा झाला. मीही आडवा होतो. चप्पल शोधायला वाकलो होतो, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

“उठ की मुडद्या! माझी मेथी चिरडली!” म्हातारी किंचाळली.

“मावशी, हलू नका!”

संपतच्या वडिलांनी, आबांनी, पुढं होऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला. बिथरलेल्या मेंढराला थोपटतात तसा. “टायर हाय रं. टायर.”

संपत उठला. मेथीच्या जुड्या एकेक करून पाटीत रचून दिल्या. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, “याडं हाय. घराण्यातच हाय म्हणं.” आबांनी ते ऐकलं. दौंडची गाडी लागली होती, आम्ही तिघं चढलो.

मी केंदूरचा, रिटायर्ड हवालदार. कंपनीचा रेडिओ माझ्या पाठीवर असायचा. नव्वदच्या दशकात आमची पलटण काश्मीर खोऱ्यात होती. थंडी अशी, की शिवी दिली तर ती गोठून बुटावर पडायची. रोज पहाटे रोड ओपनिंग पार्टी निघायची. गाड्यांचा ताफा येण्याआधी रस्ता आणि रस्त्याखालच्या मोऱ्या तपासायच्या. जवान जोडीनं चालायचे. जोडीदाराला बडी म्हणतात. संपतचा बडी शिपाई बाळू, पाबळकडचा. एका मोरीपाशी स्फोट झाला आणि बाळू गेला. संपतला ओरखडाही नव्हता. पण पुढं त्याची झोप गेली, बोलणं गेलं, आणि फौजेनं त्याला आजारी ठरवून घरी पाठवलं.

मेडिकल बोर्डानं मत दिलं: आजार मनाचा, मूळ प्रकृतीतला, नोकरीशी संबंध नाही. मूळ प्रकृतीतला म्हणजे काय, ते गावानं आपल्या परीनं लावून घेतलं. घराण्यात वेड. संपतच्या धाकट्या बहिणीचं ठरलेलं लग्न त्यावर मोडलं. आबांचं मागणं एकच होतं. पोरगं फौजेत आजारी पडलं, हे फौजेनं मान्य करावं. आम्ही अपील केलं. दौंडला माजी सैनिकांच्या शिबिरात मनाच्या आजाराच्या एक डॉक्टर येणार होत्या, मेजर मॅडम. त्यांचं मत अपिलाला जोडलं जाणार होतं.

पहिल्या बोर्डापुढं काय झालं, ते मी न बघताही सांगू शकतो. अफसरानं ‘कोई तकलीफ?’ विचारलं, की जवानाचं उत्तर रंगरूट असल्यापासून ठरलेलं असतं. टाचा जुळवायच्या, छाती काढायची आणि ‘नहीं साहब, सब ठीक’ म्हणायचं. मुंडकं हातात धरून उभा असला तरी हेच म्हणणार. संपतनं तेच म्हटलं होतं.

“आज ठीक म्हणायचं न्हाई,” गाडीत मी त्याला पढवत होतो. “रडायचं. न्हाई आलं, तर मला खूण कर. मी रडतो.”

“व्हय, हवालदारसाहेब.”

“आन् तू वाघबिघ घुसडू नगं मधी,” आबा म्हणाले.

“आबा, काश्मीरात वाघ नसतो. अस्वल घालतो.”

दौंडला शाळेच्या वर्गात मॅडम बसल्या होत्या. संपत आत गेला, मागून आबा आणि मी. टाचा जुळल्या.

“काही त्रास?”

“नहीं साहब! सब ठीक!”

आबांनी डोळे मिटले. मग मी तोंड उघडलं. साठ अतिरेकी, तीन तास गोळीबार, संपत एकटा, एका हातात बाळू आणि दुसऱ्या हातात मशीनगन. साठाचे ऐंशी होत आले होते.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “हवालदार, तुम्ही स्वतः काय पाहिलंत?”

ही गोष्ट मी पारावर निदान शंभर वेळा सांगितली असेल. जशी घडली तशी एकदाही नाही.

“स्फोट ऐकला, मॅडम. रेडिओवर संपतच्या जोडीला विचारलं, ‘ब्राव्हो वन, रिपोर्ट. ओव्हर.’ संपतचा आवाज आला, ‘सब ठीक है. ओव्हर.’ मी पळत गेलो. तो रस्त्यात बसला होता. बाळूचं डोकं याच्या मांडीवर होतं. बाकीचा बाळू मोरीत होता. मी पोहोचलो तरी हा रेडिओत तेच म्हणत होता.”

संपत सावधानमध्येच होता. बाहेर रेल्वे यार्डात मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळले, तशी त्याची मान आखडली. मॅडमनी ते पाहिलं.

“बस, संपत. मी आता तुला काही विचारणार नाही.” त्या आबांकडं वळल्या. “बाबा, घरी हा दिवसभर काय करतो?”

“काय न्हाई जी. वाघरीपाशी बसतो.” वाघर म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळं. “रातभर बी तितंच. मेंढरं राखतो.”

“किती मेंढरं आहेत?”

आबांनी टोपी काढून हातात घेतली. “मेंढरं कवाच इकली, बाई. हा फौजेत असतानाच. आता शेती करतो आमी.”

“मग तो राखतो काय?”

“ते त्यालाच ठावं. वाघर काढू देत न्हाई.”

“लहानपणी असं काही? घरात आणखी कोणाला?”

“न्हाई. भरतीला गेला तवा हसत गेला हुता. टायमावर जेवायचा, पडला की घोरायचा. शेजारी भांडायला यायचे घोरण्यावरनं.”

मॅडम बराच वेळ लिहीत होत्या. निघताना मी म्हटलं, “मॅडम, अपंगत्व पूर्ण शंभर टक्के धरा. अस्वलाचं मी सोडून देतो.”

“जेवढं आहे तेवढंच धरीन,” त्या म्हणाल्या. “कमी नाही धरणार.”

पत्र यायला पुढचा उन्हाळा लागला. मी केंदूरहून सायकल अशी हाणली, की वाटेत दोन एसट्या मागं टाकल्या. बांधावरूनच ओरडलो, “संपत! लागला निकाल! आजार फौजेतच झाला, मानलं त्यांनी! पन्नास टक्के अपंगत्व धरलंय!”

आबा खळ्यात मटकन खाली बसले आणि डोळ्यांना टोपी लावून रडले. संपत वाघरीची एक सुटलेली गाठ मारत होता. त्यानं ती पुरी केली, ओढून बघितली.

“उरलेले पन्नास बाळूचे,” तो म्हणाला.