आमेनच्या जागी बाटली

रविवारच्या प्रार्थनेच्या शेवटी 'आमेन' म्हणायच्या ऐवजी मी "बाटली हलवून, जेवणानंतर" असं म्हणालो.

मंडळींनी डोळे मिटूनच "आमेन" म्हटलं. साहेबाच्या देवाचा असाच काही मंत्र असेल, असं त्यांना वाटलं असावं. एकटी माझी बायको डोळे उघडून माझ्याकडे बघत होती.

पाद्रीसाहेबांनी मला दोन वर्षांपूर्वी नगराकडून उचलून जव्हार संस्थानात, पोशेऱ्याच्या बाजूच्या एका पाड्यावर आणून ठेवलं होतं. सकाळी शाळा, दुपारी औषधं, संध्याकाळी भजन, रविवारी उपदेश. त्यात पाऊस सरता सरता हिवतापाची साथ आली आणि ओसरीवर माणसं मावेनात. मला मनातून ते बरंच वाटत होतं. संस्थानाचं बघायला राजेसाहेब होते. स्वर्गाच्या राज्याचा इकडचा कारभार मात्र माझ्यावाचून अडेल, अशी माझी समजूत होती. झोप उडाली होती, पोरांवर खेकसत होतो. आणि उपदेशाला विषय कोणता? थकल्याभागल्यांना प्रभू विसावा देतो. तो विसावा वाटायला मी या पाड्यावरून त्या पाड्यावर धापा टाकत पळत होतो.

त्या 'आमेन'च्या दुसऱ्याच दिवशी खोकल्यानं हैराण झालेल्या एका म्हातारीला मी नायट्याचं औषध ओतून दिलं. तिनं वाटी तोंडाला लावली तोच बायकोनं ती हिसकावली.

"गे बाय, माझा औषध हाय तो!" म्हातारी चिडली.

बायकोनं तिला दुसरी बाटली काढून औषध पाजलं, कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली पदराच्या गाठीत बांधली.

"आधी नीट झोपा. मग किल्ली मागा. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या मलाही वाचता येतात."

"अगं, पण लोकं काय म्हणतील?"

"जिवंत राहिली तर म्हणतील काहीतरी."

मी घाबरलो होतो, हे तिला सांगितलं नाही. ती वाटी डोळ्यांपुढून हलेना. आज बायको होती. उद्या नसली तर? म्हणून शाळेला सुट्टी दिली आणि वरच्या माळावर, मोहाच्या झाडाखाली, प्रभूजवळ शांत बसायला गेलो. पण सवय जाते कुठं! शांत बसण्याचीही मी आखणी केली. आधी उपकारस्तुती, मग आजारी माणसं, मग शाळेचं गळकं छप्पर, मग पाद्रीसाहेबांचा स्वभाव. डोळे मिटून, बोटांवर मोजत, ओठ हलवत, मध्येच प्रभूला एखादी गोष्ट हातवारे करून समजावून सांगत. मोळी घेऊन चाललेल्या एका बाईनं हे पाहिलं. मोळी तिथंच टाकून ती ओरडत पाड्याकडे धावली, "मास्तरला लागला! मास्तरला लागला!"

लागला म्हणजे भूत लागलं. चौघांनी मला धरून माझ्याच अंगणात आणलं. भुतंखेतं उतरवणारा म्हातारा भगत सूप आणि तांदूळ घेऊन आधीच येऊन बसला होता.

"मी ख्रिस्ती आहे! मला असलं काही लागत नाही!"

"बस रे मास्तर," भगत म्हणाला. इकडे लहानथोर सगळ्यांना 'तू'च. "लागलेला असाच बोलतो."

मी आशेनं बायकोकडे पाहिलं.

"बसा," ती म्हणाली. "त्या तांदळाला मी मानत नाही. पण तेवढा वेळ तरी एका जागी बसाल."

भगत सुपात तांदूळ फिरवत पुटपुटू लागला. मी मनातल्या मनात प्रार्थनेचा जोर लावला, पण माळावर कुठं थांबलो होतो तेच आठवेना. आजारी माणसांपर्यंत आलो होतो की छपरापर्यंत? शेवटी एवढंच आलं : प्रभो, आता तूच बघ. त्यापुढं मागायला काही सुचलं नाही. पाठ खांबाला टेकली आणि झोप लागली. मिशनच्या अहवालात हे कसं लिहावं, हा प्रश्न मला आजतागायत सुटलेला नाही. विसावा प्रभूनं दिला, यात शंका नाही. पण अंगाई भगताची होती.

जागा झालो तेव्हा ऊन उतरलं होतं. भगत सूप झटकत बायकोला सांगत होता, "याला काय नाही लागला. भुताला पण बसाया जागा लागते. याच्या डोक्यात रिकामी जागाच नाही."

मंडळी हसली. मीही हसलो. आणि बायकोपुढं हात पसरला.

"झोपलो ना? दे आता किल्ली."

बायकोनं पदराची गाठ चाचपली, पण सोडली नाही.

"भुताला जागा नाही, ते एक बरं झालं," ती म्हणाली. "पण देवही गेली दोन वर्षं तुमच्या रोग्यांबरोबर ओसरीवरच बसलाय. आधी त्याची पाळी येऊ द्या."