अन्वरी मॅडमचं शिबिर आणि नवरदेवाची खुर्ची

कामरानने टेम्पोची मागची फळी पाडून पहिलं गाठोडं सोडलं, तेव्हा आतून तंबू निघायला हवा होता. निघाली नवरदेवाची खुर्ची. सोनेरी पायांची, लाल मखमलीची, पाठीवर दोन मोर असलेली. दुसऱ्या गाठोड्यातून तिची जोडीदारीण निघाली, तिसऱ्यातून गुलाबी साटीनचे पडदे. चौथं त्याने सोडलंच नाही. आत झुंबर आहे हे त्याला वजनावरूनच कळलं.

वेल्ह्याच्या पुढच्या त्या माळावर मोबाईल फक्त वेळ बघायला उपयोगी पडतो. तिथं गाईडच्या गणवेशातल्या मुली रांगेत उभ्या राहून मोरांकडे बघत होत्या. त्यांच्या पुढं अन्वरी मॅडम, म्हणजे कामरानची सख्खी मावशी, त्याची खाला, कमरेवर हात ठेवून.

"कामरान, यात झोपायचं कसं ते दाखव," खाला म्हणाली.

चूक कामरानची होती, आणि ती आळसातून जन्मली होती. भोरला त्याचं मंडपाचं गोदाम आहे. लग्नाच्या गाठोड्यांना लाल लुगड्याची पट्टी आणि बाकीच्यांना हिरवी, एवढीच त्याची शिस्त. मागच्या आठवड्यात खाला मुलींना गाठी शिकवायला दोऱ्या मागायला आली. गोदामातली गाठोडी नव्याने बांधायचं काम कामरान दिवाळीपासून टाळत होता. दोऱ्या कशाला, माझी गाठोडीच सोडा आणि बांधा, असं त्याने मोठ्या मनाने सांगितलं आणि तो भजी खात बसला. मुलींनी गाठी अशा आवळल्या की बघत राहावं. पट्ट्या मात्र रंग शोभावा म्हणून लावल्या: लाल मखमलीला हिरवी, हिरव्या तंबूंना लाल. अडवायला तोंड रिकामं हवं ना.

म्हणजे चेन लागणारे सगळे तंबू सकाळीच उत्रोलीला उतरले होते, आनंदराव पाटलांच्या पोराच्या, पप्पूच्या साखरपुड्याला. उत्रोलीला जाऊन ते आणायचे तर घाटातच अंधार पडला असता. आणि अंधाराच्या आधी मौलालीचाचा येणार होते.

मौलालीचाचा भोरच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करतात. त्यांची नात सानिया शिबिरात होती, पण अटीवर. चाचा संध्याकाळच्या एसटीने येणार, तंबूची चेन स्वतः लावून बघणार, आणि पसंत नाही पडली तर तीच गाडी शेवटच्या गावाहून वळून आली की नातीला घेऊन जाणार. बाकीच्या पालकांनी आपली अक्कल चाचांकडे गहाण ठेवली होती. सानिया राहिली तर आमची राहील, नाहीतर न्यायला येतो, असं झाडून सगळ्यांनी सांगून ठेवलेलं.

यात खालाचा जीव का अडकला होता, ते कामरानला ठाऊक होतं. अन्वरी सातवीत असताना भाटघरला असंच शिबिर भरलं होतं. तिने तंबू ठोकला, शेवटची खुंटी ठोकायची राहिली, तेवढ्यात अब्बा आले. घरी दादी रडून आजारी पडली होती. अन्वरी घरी आली ती हातातल्या खुंटीसकट. त्या खुंटीने ती अजून स्वयंपाकघराचं दार अडवते. पुढं ती शिक्षिका झाली, गाईडची कॅप्टन झाली, मुलींना आंबवड्याला नेलं, धरणावर नेलं, पण दिवे लागायच्या आत परत. त्याला ती शिबिर म्हणत नाही, सहल म्हणते, आणि तेही तोंड वाकडं करून. पोरीला 'जपून' म्हणायला अख्खं खानदान असतं, तिला 'तूच बघ' म्हणणारं एक तरी ठिकाण नको का, असं तिचं म्हणणं. ते मुख्याध्यापकांना पटायला त्यांच्या निवृत्तीचं वर्ष उजाडावं लागलं.

खालाच्या हाताखाली रागवणं नसतं. ज्याची चूक त्याने सगळ्यांदेखत कोंबड्यासारखं आरवायचं, एवढाच कायदा. मागे धरणावर आमटीत मीठ विसरलं तेव्हा ती स्वतः आरवली होती.

"आज शेकोटीला तू," तिने कामरानला सांगितलं. मग ती नवरदेवाच्या खुर्चीवर जाऊन बसली आणि मुलींना म्हणाली, "बोला. तंबू नाहीत, चाचा येतायत. काय करायचं?"

 मग उत्रोलीची राजनंदिनी पुढं झाली. ही टोळीची नायिका, आवाज असा की भोंगा भाड्याने घ्यायला नको.

"पोरींनो, लगीन लावायचं न्हाई, घर लावायचंय. खांब उचला."

कामरान व्यावसायिक सल्ला द्यायला सरसावला, तर खालाने त्याला चूल पेटवायला बसवलं. मुलींनी स्टेजचे पाइप रोवले, ताडपत्रीचं छत केलं, साटीनच्या भिंती ओढल्या, खाली लाल गालिचा पसरला. राजनंदिनीने झुंबरही टांगायला लावलं. विजेचा पत्ता नव्हता, पण वजनाने छत उडणार नाही म्हणे. सानियाचा आवाज शाळेत फक्त हजेरीला ऐकू येतो. ती न बोलता प्रत्येक खांबापाशी बसून खुंटगाठ आवळत होती. सगळं उभं राहिलं तेव्हा एखादी राजकन्या माळावर चरायला आल्यासारखं दिसत होतं.

एसटी थांबली. चाचा उतरले, गाडी पुढं गेली. राजनंदिनीने त्यांना कडक सलामी ठोकली आणि हाताला धरून थेट नवरदेवाच्या खुर्चीत बसवलं. धुरकट चहा हातात दिला. त्या खुर्चीचा मागचा पाय ढिला आहे आणि लग्नात खाली वीट लावतात, हे सांगायला कामरानने तोंड उघडलं, पण चाचांनी त्यालाच विचारलं, चेन कुठाय.

"चाचा, ही नवी पद्धत आहे," कामरान म्हणाला. "पुण्यात आता चेन कुणी—"

"खोटं सांगतायत," सानिया म्हणाली. "दादाजी, तंबू आले न्हाईत. ह्यांनी चुकून उत्रोलीला टाकले. हे आमी बांधलंय. चेन न्हाई, पण वढून बघा."

नातीची एवढी वाक्यं चाचांनी सलग कधी ऐकली नव्हती. ते चकित होऊन मागं रेलले, आणि खुर्चीच्या पायाने राम म्हटला. चाचांनी पडतापडता पडदा धरला. चहा गालिच्यावर गेला, टोपी झुंबरात अडकली, आणि चाचा एक पाय मोरात, एक पाय हवेत असे साटीनला लोंबकळत राहिले. खांब कुरकुरला. झुंबर डोललं. बाकी काही हललं नाही.

खालाने डोळे मिटले होते. तिच्या हातात नसलेली खुंटी कामरानला दिसली.

चाचांना उतरवलं. त्यांनी टोपी काढून घेतली, खिशातून घड्याळ बघायचं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि खांबावरची गाठ निरखली.

"कुनाची ही?"

"माझी," सानिया म्हणाली.

"सोड."

तिने एका झटक्यात सोडली. भिंत लोळली.

"आता बांद."

तिने बांधली. तोवर वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. गाडी येऊन थांबली, कंडक्टरने घाई केली. चाचांनी सानियाच्या हातात आपली बॅटरी दिली आणि एकटेच गाडीत चढले. खिडकीतून त्यांनी खालाला बोलावलं.

"उद्या दुपारच्या आत आनू नका हिला. हिची आजी विचारंल, तर चेन हुती म्हनून सांगतो. लोखंडाची."

खालाने मान डोलावली. 

राजनंदिनीने शेकोटीची लाकडं रचायला घेतली, तशी कामरानला उत्रोलीची अचानक फार काळजी वाटू लागली. आनंदराव खोळंबले असतील, गेलंच पाहिजे, असं म्हणत तो टेम्पोत बसला सुद्धा.

खरं तर उत्रोलीत कुणी खोळंबलं नव्हतं. मुलींच्या गाठी सोडवताना त्याच्या दोन गड्यांनी हात टेकले, पाटलांच्या भावकीने दात लावले, शेवटी कोयता आणला. आतून तंबू निघाला. मुहूर्त टळेल म्हणून तोच उभा करून पप्पू आणि त्याच्या होणाऱ्या बायकोला आत बसवलं, तर कुण्या आत्याच्या पोराने बाहेरून चेन ओढली, ती अडकली. ती निघेपर्यंत दोघं पहिल्यांदाच निवांत बोलली. पप्पूने लग्नालाही तोच तंबू सांगितलाय.

त्या रात्री अन्वरी मॅडम पहिल्यांदा शिबिरात झोपली. झुंबराखाली, पण झोपली. पुढच्या शिबिराला मुली दुप्पट झाल्या, आणि सानिया आता हजेरीला एवढ्या जोरात ओरडते की शेजारच्या वर्गातून तक्रार येते.

कामरानचं आरवणं तेवढं राहिलं. भोरच्या स्टँडवर टेम्पो दिसला की एसटीच्या खिडकीतून पोरी विचारतात, "कामरानदादा, कधी?" तो गिअर बदलायचं नाटक करतो.

परवा गोदामातली गाठोडी बांधायला त्याने सानियाला गळ घातली. तिने दोरी हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली.

"आधी आरवा."

कामरानने इकडंतिकडं पाहिलं. गोदामात तिसरं कुणी नव्हतं. त्याने घसा साफ केला, मान ताणली, छाती फुगवली, आणि चहा सांगून येतो म्हणून निघून गेला.