स्वच्छ जखम

माझे भावोजी एकतीस वर्षं दवाखान्यात ड्रेसर आहेत. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या. सगळे त्यांना पट्टीवाले म्हणतात. नवे डॉक्टर एखाद्या जखमेपाशी अडले की हळूच त्यांनाच हाक मारायचे. भावोजी चष्मा कपाळावर चढवून आधी वास घेणार, मग बोटांच्या पाठीने ऊब बघणार. लाली, सूज, ऊब, पू. या चार गोष्टींवर त्यांचा देवापेक्षा जास्त भरवसा.

"पू म्हणजे घाण नव्हे," ते शिकाऊ नर्सना सांगायचे. "आपल्याच मेलेल्या पांढऱ्या पेशी आहेत त्या. ओळखपाळख विचारत नाहीत, परकं दिसलं की तुटून पडतात आणि तिथंच मरतात. दुसऱ्या सावकाश येतात, आठवडा घेतात, पण एकदा शत्रू पाहिला की विसरत नाहीत. म्हणून गोवर पुन्हा होत नाही. पहिल्यांनी तेवढे दिवस दार धरून ठेवायचं."

हेच व्याख्यान घरी जेवतानाही चालायचं. "तुझी ताई दुसऱ्या प्रकारातली," ते मला म्हणायचे. "वीस वर्षांपूर्वीचं भांडण तारखेसकट आठवतं तिला."

"आणि हे पहिल्या," ताई म्हणायची. "न विचारता तुटून पडतात."

मग ताईला कॅन्सर झाला. किमो सुरू करताना डॉक्टरांनी बजावलं होतं, की या औषधाने पांढऱ्या पेशी पार कमी होतील, ताप आला तर लगेच घेऊन या. तिसऱ्या किमोनंतर दहाव्या दिवशी डबा उघडताना पत्र्याने तिची करंगळी कापली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप एकशे एक.

मी तिथंच होतो. गाडीची किल्ली हातात होती. भावोजींनी पट्टी सोडली, वास घेतला, ऊब पाहिली. लाली नाही, सूज नाही, पूचा थेंब नाही.

"जखम स्वच्छ आहे," ते म्हणाले. "ताप औषधाचा असेल. आत्ता गर्दीत नेलं तर भलतंच काही लागेल. सकाळी जाऊ."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी किल्ली खिशात टाकली. त्यांच्या एकतीस वर्षांपुढे मी काय बोलणार होतो?

सकाळी तिचे हातपाय गार पडले होते. दवाखान्यात नेलं तोवर जंतू रक्तात पसरले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. करंगळी शेवटपर्यंत तशीच होती, कोरडी आणि फिकट.

"पू व्हायला पेशी लागतात," डॉक्टर म्हणाले. "त्यांच्या अंगात त्या उरल्याच नव्हत्या."

"माहीत आहे मला," भावोजी म्हणाले.

त्या तीन शब्दांसाठी मी सात महिने त्यांच्याशी बोललो नाही. माहीत होतं, तर मग? खरं सांगायचं तर किल्लीचा रागही मी त्यांच्यावरच काढत होतो.

परवा माझ्या अंगठ्यात खिळा घुसला. दोन दिवसांत अंगठा टरारून सुजला, ठणकायला लागला. दवाखान्यात गेलो तर ड्रेसिंगच्या खोलीत तेच. त्यांनी माझा हात ओढून घेतला, चष्मा वर चढवला. पिवळा पू बाहेर आला तसे ते थांबले.

"दुखतंय?"

"खूप."

"दुखू दे," ते म्हणाले. "आल्यात तुझ्या."

पट्टी बांधून झाली तरी त्यांनी हात सोडला नाही. मीही काढून घेतला नाही.