सतराव्या पानावरची मिरची

आमच्या जळगावातल्या वाचनालयाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एरवी त्यावर गुड मॉर्निंगची फुलंच फुललेली असतात. त्या दिवशी मात्र खरी बातमी आली: ‘आनंदवार्ता! स्वच्छता मोहिमेत सर्व पुस्तकांवरील खुणा पुसण्यात आल्या आहेत. यापुढे खुणा करणाऱ्यांस दंड.’

कसला आनंद, डोंबल!

आमच्याकडे खूण केल्याशिवाय कुणी पुस्तक परत देत नाही. वाचलेलं पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून जो तो आपापली निशाणी ठेवतो. सराफाकडच्या काकू पहिल्या पानावर टिकली चिकटवायच्या. एक निवृत्त तहसीलदार कोपऱ्यात अशी सही ठोकायचे की जणू सातबाराच मंजूर करताहेत. माझी आई सतराव्या पानावर पेन्सिलीने छोटीशी मिरची काढायची. आई धुळ्याकडची. जळगावात उभा जन्म गेला, पण इथल्या तिखटाला ती अजून नावं ठेवते.

गेल्या दोन-तीन वर्षांत आई विसरायला लागली होती. दूध उतू जायचं, नावं निसटायची. पण पुस्तकाच्या बाबतीत तिचा रुबाब कायम. कपाटातून पुस्तक काढायचं, सतरावं पान उघडायचं, मिरची दिसली की ‘वाचेल शे’, म्हणजे वाचलेलं आहे, म्हणून ठेवून द्यायचं. तिच्या विसरण्याचा कुणाच्या बापाला पत्ता लागत नव्हता.

मोहिमेनंतर ती वाचनालयात गेली. मिरची नाही म्हणजे पुस्तक नवीन, अशा खात्रीने तिने एक उचललं. काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “अहो अक्का, हे तर तुम्ही परवाच परत केलं!” पेपर वाचत बसलेले दोघंतिघं खो खो हसले.

“माहित शे माले,” आई म्हणाली आणि पुस्तक तिथेच ठेवून घरी आली. पिशवी खुंटीला अडकवली. मग जायचं नावच काढेना. विचारलं की म्हणायची, डोळे दुखतात. डोळे कसले दुखताहेत! दिवसभर खिडकीशी बसून राहायची. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

मी तरातरा ग्रंथपालबाईंकडे गेले. भांडायलाच गेले होते.

“खुणा म्हणजे पुस्तकांचं विद्रूपीकरण आहे,” बाई म्हणाल्या.

“आणि माझ्या आईचं चारचौघांत हसं केलंत ते काय सुशोभीकरण?”

मग मी आवाज खाली आणून मिरचीची सगळी हकिकत सांगितली. त्यांनी चष्मा काढून पुसला. आईने काय काय नेलं होतं ते कॉम्प्युटरवर काढून दिलं आणि म्हणाल्या, “मी जेवायला चाललेय. मला काही दिसलं नाही. पेन्सिल मऊ वापरा.”

बाई जेवून आल्या तरी मी कपाटांमध्ये फतकल मारून मिरच्याच काढत होते. चित्रकलेत मी पहिल्यापासून दिव्य, पण मिरची काय, कुणालाही जमेल असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आईला ओढतच नेलं. तिने एक कादंबरी काढली, सतरावं पान उघडलं आणि बघतच राहिली. मी उगाच पंख्याकडे बघायला लागले.

“हाई मन्ही मिरची नही शे,” आई म्हणाली. “हाई त् केळं शे.”

मला तोंड कुठे लपवू असं झालं. माझी मिरची खरंच पोटात फुगली होती आणि देठाचा तर पत्ताच नव्हता.

“तू काढेल शे ना?”

“हो.”

तिने पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं. “म्हंजे मी हाई वाचेल शे.”

“हो, आई.”

आता ती पिशवी उचलून घरी निघणार, या भीतीने माझा जीव नुसता टांगणीला लागला. ती मात्र त्या केळ्यावरून बोट फिरवत उभी होती.

“मंग माले आवडनं व्हतं का?”

मला काय माहीत! ती वाचत असताना मी कधी विचारलंच नव्हतं.

“खूप,” मी म्हणाले.

आई पुस्तक घेऊन तडक काउंटरवर गेली. ती मुलगी स्क्रीनकडे बघून तोंड उघडणार, तेवढ्यात आईने पुस्तक तिच्यापुढे आपटलं.

“लिखी ले, बेटा. वाचेल शे. आवडेल शे.”