काळनेत्राचा आवाज

शेवटचा अंक माझ्या हातात आला आणि मी तो उघडला नाही. माझ्या नावावर मूर्खपणा पुष्कळ जमा आहे, पण हा अस्सल.

पुण्याच्या कारखान्यात नोकरी लागून कोल्हापूर सोडलं त्या सकाळी एसटी स्टँडवर आईनं डबा दिला. वडील हायस्कुलात मास्तर, ते एवढंच म्हणाले, "तो काळनेत्र इथंच ठेवून जा. कारखान्यात चालायचा नाही."

काळनेत्र म्हणजे 'वज्रकेतू' नावाच्या चित्रकथेतला खलनायक. आणि त्याचा आवाज म्हणजे मी. त्याचं असं, की लायब्ररीतून अंक एका दिवसाच्या भाड्यानं मिळायचा आणि वाचणारे आम्ही तिघं: मी, शिरोलीच्या फाउंड्रीत लागलेला बाळ्या, आणि म्हशींचं दूध घालून येणारा शिवा. म्हणून तालमीच्या कट्ट्यावर बसून मोठ्यानं वाचायचं, आवाज वाटून घेऊन. बाळ्या वज्रकेतू. शिवा उरलेलं सगळं: पोलीस, राजकन्या, स्फोट. माझं गडगडाटी हसणं सुरू झालं की आतले पैलवान जोर मारायचे थांबून शिव्या घालायचे. मला ती दाद वाटायची.

मी निघायच्या सुमाराला 'पुढील अंक अखेरचा' असं छापून आलं आणि कट्ट्यावर रोजची भांडणं लागली.

"वज्रकेतू मरतोय बघा," बाळ्या म्हणायचा.

"त्यो कशाला मरतोय? काळनेत्र मरंल की!" इति शिवा.

मी तावातावानं सांगायचो, की काळनेत्र शेवटच्या पानापर्यंत टिकणार, त्याच्याशिवाय त्या कथेत आहे काय?

शेवटी एसटीच्या खिडकीशी ठरलं. दिवाळीला मी आल्यावरच अखेरचा अंक वाचायचा, तोवर कुणी पान उघडायचं नाही. "तुझ्याबिगार काळनेत्र करणार कोण रं?" बाळ्या म्हणाला. त्या एका वाक्यावर मी पुण्यातले पहिले महिने काढले.

कॉट बेसिसवर खोली, शिफ्ट, ओव्हरटाइम, कँटीनची गोड आमटी. आमचं कोल्हापुरी 'हाय' म्हटलं की सुपरवायझर हसायचा, म्हणून 'आहे' म्हणायला शिकलो. आणि एक दिवस स्टेशनच्या स्टॉलवर तो अंक दिसला. जन्मात पहिल्यांदा विकत घेतला. मुखपृष्ठसुद्धा अर्ध्या डोळ्यानं पाहिलं, तांबड्या फडक्यात गुंडाळून ट्रंकेत अंबाबाईच्या कुंकवाशेजारी ठेवला. खोलीतल्या सोबत्यानं देवाचं काही समजून त्याला नमस्कार केला. मी करू दिला. कामावर ड्रिलिंग मशीनच्या आवाजात हसण्याची तालीम मात्र सोडली नाही.

दिवाळीला उतरलो तो घर सोडून आधी कट्ट्यावर. फडकं सोडलं. बाळ्यानं अंकाकडं पाहिलं, मग शिवाकडं.

"ह्यो व्हय? ह्यो तर आम्ही कवाच वाचला."

"कधी?"

"आला त्याच दिवशी. लायब्ररीत माणसं नंबर लावून हुती की."

"आणि काळनेत्र?"

"लायब्ररीवाल्या तात्यांनी केला," शिवा म्हणाला. "तुझ्यापरास बेस हसले. अन् करायचं तरी काय हुतं? तिसऱ्या पानावर मरतोय त्यो."

वचन गेलं, आवाज गेला आणि न वाचताच शेवटही गेला. मी फडकं पुन्हा बांधलं. तो अंक आजही वाचलेला नाही.

गाव सोडून गेलेल्यांनो, तुमचंही असंच होत असेल. निघताना ज्या पानावर आपण बोट ठेवून येतो, तिथंच गाव थांबलेलं असणार, असं आपण धरून चालतो. आता माझा पुण्यात ब्लॉक आहे, स्कूटर आहे. तरी कोल्हापूरला गेलो, की कट्ट्यावर नवी फरशी आणि घरात माझ्या खुंटीवर दुसऱ्याचा शर्ट बघून दरवेळी नव्यानं चिडतो. कारखान्यात माझ्यावाचून कुणाचं अडलं नाही, तर मला काही वाटत नाही. कोल्हापुरात अडलं नाही की लागतं. माझ्यापुरतं घर म्हणजे बहुधा एवढंच.

गेल्या खेपेला हे सगळं बाळ्याला ऐकवलं. थोडं काळनेत्राच्या आवाजातच. त्यानं बशीतला चहा संपवला, मिशी पुसली.

"तू गेलास तुझ्या पायानं," तो म्हणाला. "आम्ही काय पान धरून बसायचं हुतं व्हय, पावणं?"