आबांच्या तीन शेळ्या

आज आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बीडला डॉक्टरकडं नेलं. रिक्षातून उचलूनच उतरवावं लागलं.

मागच्या दिवाळीपर्यंत हेच आबा दिंद्रुडच्या शिवारात तीन शेळ्यांमागं दिवसभर फिरायचे. वय ऐंशीच्या पुढं, पण कधी गोळी घेतली नव्हती. गावातले लोक मला टोकायचे, "मास्तर, तुमाला नोकरी हाय, मग बापाला कावून राबवता?" लाज वाटून मी शेळ्या विकल्या आणि आबांना ओसरीवर खाट टाकून दिली.

डॉक्टरांनी विचारलं, "बाबा, चालणं कधीपासून बंद झालं?"

"शेळ्या गेल्यापासून," आबा म्हणाले. "पोरानं लई सुखात ठेवलं, साहेब."

तुमच्या घरातलं म्हातारं माणूस अजून काही करत असेल, तर करू द्या. मी उद्या शेळ्या परत आणीन, पण त्यांच्यामागं जाणार कोण?